ओमच्या सूत्रातले विसरलेले अक्षर : विद्युतघट, प्रयोगशाळा आणि कागलचे टेबल

१/२४
कोल्हापूरहून बेळगावकडे निघाले की महामार्गालगत कागल लागते. राजर्षी शाहू महाराजांचे जनक घराणे, म्हणजे घाटगे, याच कागलचे. आज हे नाव आणखी एका कारणाने ओळखले जाते, ते म्हणजे पंचतारांकित एमआयडीसी. इथे डिझेल इंजिने बनतात, सूत आणि कापड तयार होते, धातूचे सुटे भाग घडतात. अशा वसाहतीत जिथे जिथे इलेक्ट्रॉनिक उपकरण तयार होते किंवा वापरले जाते, तिथे त्याची परीक्षा घेणारे एक टेबल असते. त्या टेबलावरचा एक प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षे जुना आहे. हा थ्रेड त्या प्रश्नाच्या इतिहासाचा.

२/२४
प्रश्न वरकरणी साधा आहे. हातात धरून वापरायचे एखादे उपकरण बॅटरीवर चालणार आहे. टेबलावर मात्र बॅटरी नसते, तिथे ‘पॉवर सप्लाय’ असतो. बटण फिरवावे, दाब ६ व्होल्टवर आणावा, लाल आणि काळी तार जोडावी. उपकरण चालते, कागदावर ‘पास’ अशी खूण होते. पुढे तेच उपकरण गिऱ्हाइकाच्या हाती जाते, त्यात सेल पडतात आणि काही दिवसांनी ते मधेच बंद पडते. सेल काढून मीटर लावला तर दाब ठीक दिसतो. मग चुकले कुठे?

३/२४
उत्तर एका अक्षरात आहे. ते अक्षर १८२६ साली कागदावर आले, त्याच्या लेखकाने ते नीट समजावून दिले, आणि तरीही पुढच्या प्रत्येक पिढीला ते नव्याने शिकावे लागले. ही गोष्ट सुरू होते जर्मनीतील कलोन शहरात, एका शाळामास्तरापासून. त्याचे नाव गेऑर्ग सायमन ओम.

४/२४
व्होल्टाने आपली घटमाला १८०० साली जगापुढे मांडली. तांबे किंवा चांदी, जस्त आणि मध्ये खारट पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशा चकत्यांची ती उतरंड होती. वाहती वीज माणसाच्या हाती प्रथमच आली. पण ती स्थिर नव्हती. तार जोडताच जोर उसळावा आणि लगेच ओसरू लागावा, थोडी विश्रांती दिली की पुन्हा वर यावा. १८२५ साली ओमने तारेची लांबी आणि विजेचा परिणाम यांचे नाते मोजायला घेतले, तेव्हा त्याच्या हाती असाच लहरी घट होता. त्या वर्षी त्याने प्रसिद्ध केलेले सूत्र चुकीचे निघाले.

५/२४
पोगेंडॉर्फ या संपादकाने त्याला सुचवले की घट सोड, तापयुग्म वापर. झेबेकने १८२१ मध्ये दाखवले होते की दोन भिन्न धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानांना ठेवले की वीज वाहते. ओमने बिस्मथ आणि तांबे घेतले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर तापमाने बदलत नाहीत, म्हणून विजेचा जोरही बदलत नाही. इतिहासकाराच्या नजरेने पाहिले तर आजच्या टेबलावरच्या पॉवर सप्लायचा हा पूर्वज होय. बॅटरीच्या लहरीपणाला कंटाळून शोधलेला तो स्थिर उगम होता.

६/२४
या स्थिर उगमामुळे १८२६ मध्ये खरे सूत्र हाती आले. देवनागरीत लिहायचे तर ते असे :

क्ष = अ ÷ (ब + ल)

‘क्ष’ म्हणजे विजेचा परिणाम, ‘अ’ म्हणजे उगमाचा जोर, ‘ल’ म्हणजे परीक्षेतील तारेची लांबी. आणि ‘ब’? उरलेल्या सगळ्या मंडलाचा अडथळा, ज्यात खुद्द उगमाचाही अडथळा आला. उगम कितीही चांगला असो, तो स्वतःच्या पोटातूनही वीज ढकलत असतो आणि त्यासाठी काही किंमत मोजतो. आज याला आपण ‘अंतर्गत रोध’ म्हणतो.

७/२४
शाळेत आपण जो ओमचा नियम घोकतो त्यात हा ‘ब’ नसतो. दाब भागिले रोध म्हणजे धारा, संपले. ‘ब’ परत भेटतो तो बारावी विज्ञानाच्या प्रात्यक्षिकात : विभवमापीच्या साहाय्याने घटाचा अंतर्गत रोध काढणे. पुष्कळांनी तो प्रयोग जर्नलपुरता केलेला असतो. गंमत अशी की त्याच प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर एक पेटी असते आणि तिचे नाव ‘बॅटरी एलिमिनेटर’, म्हणजे बॅटरी हद्दपार करणारी. एका टेबलावर ‘ब’ मोजायचा आणि दुसऱ्यावर तो हद्दपार करायचा, असे हे दोन टेबलांचे नाते आहे.

८/२४
‘ब’ केव्हा छळतो आणि केव्हा छळत नाही, हे समजून घ्यायला तारयंत्राचा काळ उत्तम. भारतात तारेच्या जाळ्याचा पाया ओ’शॉनेसी याने घातला; १८५० च्या दशकात मुंबईही त्या जाळ्यात आली. पुढे भारतीय तार खात्यात मिनोटो घट वापरात आला. त्याची रचना अशी : भांड्याच्या तळाशी तांब्याची चकती, तिच्यावर मोरचुदाचे खडे, त्यावर वाळू किंवा लाकडाचा भुसा आणि सर्वांत वर जस्त. स्वस्त, टिकाऊ आणि हलवाहलवीला फारसा न बिघडणारा घट.

९/२४
या घटाचा अंतर्गत रोध मोठा होता, कारण वीज भुशाच्या थरातून जात असे. तरीही तार खात्याचे काही अडले नाही. शेकडो मैल लांबीच्या तारेचा रोध, म्हणजे ओमच्या सूत्रातील ‘ल’, इतका प्रचंड होता की त्यापुढे ‘ब’ नगण्य ठरे. हाच मिनोटो घट टॉर्चच्या दिव्याला जोडला असता तर दिवा नीट पेटलाही नसता. म्हणजे घट चांगला की वाईट, हे एकट्या घटाकडे पाहून ठरत नाही. त्याच्याकडून काय काम घ्यायचे आहे, यावर ते ठरते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे तेच पुन्हा पुन्हा येईल.

१०/२४
दरम्यान प्रयोगशाळेला वेगळ्याच घटाची गरज भासत होती. व्होल्ट म्हणजे नेमके किती, हे जगभर एकसारखे ठरवायचे होते. लॅटिमर क्लार्कने १८७० च्या दशकात आपला प्रमाण घट मांडला आणि १८९३ च्या शिकागो परिषदेने त्याचा दाब १५ अंश सेल्सिअसला १.४३४ व्होल्ट मानला. पुढे त्याची जागा वेस्टन घटाने घेतली. त्याचा दाब २० अंशांना १.०१८३ व्होल्ट. दशांश चिन्हानंतर चार आकडे! घट इतका विश्वासू झाला कसा?

११/२४
एका अटीवर. प्रमाण घटाकडून जवळजवळ काहीच धारा घ्यायची नाही. विभवमापीने त्याचा दाब तोलायचा आणि तोल साधला त्या क्षणी घटातून काहीही वाहत नसते. धारा नाही म्हणून ‘ब’ची किंमतही मोजावी लागत नाही. इथे एक विलक्षण फाळणी दिसते. ज्या घटाचा आकडा खरा, त्याच्याकडून काम घ्यायचे नाही. आणि ज्या घटाकडून काम घ्यायचे, त्याचा आकडा स्थिर नाही. बंद पडलेल्या उपकरणातून सेल काढून मीटरने मोजणारा माणूस नकळत त्या सेलला प्रमाण घटासारखे वागवत असतो. काम थांबवून तो दाब मोजतो, म्हणून दाब ठीक दिसतो.

१२/२४
आता काम करणाऱ्या घटाकडे येऊ. लेक्लांशेचा घट १८६६ चा. गास्नरने १८८० च्या दशकात तो ‘कोरडा’ केला, म्हणजे द्रावण सांडणार नाही असा लगद्याचा केला. १८९९ साली अमेरिकेत हातातल्या विजेच्या दिव्याचे पेटंट मिळाले. त्या दिव्याला इंग्रजीत ‘फ्लॅशलाइट’ हे नाव पडले, कारण सुरुवातीचे सेल सलग प्रकाश देऊ शकत नसत. क्षणभर लावायचा, मग विझवून सेलला दम खाऊ द्यायचा. आपल्याकडे मात्र गावोगावी टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात. उगम आणि उपकरण यांत भेदच न करणारा हा शब्द शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा असला, तरी त्यात एक शहाणपण दडलेले आहे.

१३/२४
असेच एक घरगुती शहाणपण म्हणजे मंद झालेले सेल उन्हात ठेवणे. अनेक घरांत रेडिओचे सेल पत्र्यावर किंवा खिडकीत वाळत घातलेले असत आणि ते पुन्हा थोडा वेळ चालत. यात चमत्कार काही नाही. सेलमधून धारा घेतली की आत काही काळ साचलेपण येते, ते विश्रांतीने कमी होते. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया सुलभ होते. अंतर्गत रोध थोडा उतरतो. सेलमध्ये नवी शक्ती येत नाही, ‘ब’ तेवढा तात्पुरता कमी होतो. ज्यांनी ओमचे नावही ऐकले नव्हते, त्यांनी ओमचे अक्षर उन्हात वाळवले!

१४/२४
मग सेलची परीक्षा घ्यावी कशी? या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या आरंभी सापडू लागले. अमेरिकन इलेक्ट्रोकेमिकल सोसायटीच्या समितीने कोरड्या सेलच्या चाचण्यांच्या पद्धती सुचवल्या. त्यातील टेलिफोन चाचणी पाहा : ३ सेल एकापुढे एक जोडायचे, २० ओहमच्या रोधातून दर तासाला २ मिनिटे धारा घ्यायची आणि हे रात्रंदिवस चालू ठेवायचे. असे का? कारण टेलिफोनवर माणूस असाच बोलतो. थोडा वेळ बोलणे, मग बराच वेळ शांतता. ही चाचणी प्रयोगशाळेतच होत असे, पण तिच्यात माणसाची सवय मोजून बसवली होती.

१५/२४
हीच परंपरा पुढे आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६००८६ क्रमांकाच्या मानकात आणि आपल्याकडे ‘भारतीय मानक ८१४४’ मध्ये आली. आंतरराष्ट्रीय मानकाने पेन्सिल सेलसाठी रेडिओची चाचणी ठेवली ती अशी : ४३ ओहम, दिवसाला ४ तास, दाब ०.९ व्होल्टवर येईपर्यंत. खेळण्याची चाचणी : ३.९ ओहम, दिवसाला १ तास, ०.८ व्होल्टपर्यंत. सेल तोच, पण खेळण्यातले आयुष्य वेगळे आणि रेडिओतले वेगळे. मानकाने एक गोष्ट मान्य केली की ‘१.५ व्होल्ट’ हे सेलचे नाव आहे, चरित्र नव्हे. ०.९ व्होल्टपर्यंत न चालणारा रेडिओ सेलमधली शिल्लक फेकून द्यायला लावतो, हेही त्यातून ओघानेच येते.

१६/२४
आता आपल्या भागात परतू. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात त्या केंद्रावरून युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग झाला, शेतकरी रेडिओ मंडळांचा. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत लोक एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करत. असे २० कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले आणि पुढे १९५९ मध्ये ही कल्पना देशभर गेली.

१७/२४
संपर्कमाध्यमांच्या इतिहासात या प्रयोगाचे नाव आदराने घेतले जाते. पण त्याच्या तळाशी असलेल्या वस्तूकडे क्वचितच कोणी पाहते. त्या काळी बहुसंख्य खेड्यांत वीज नव्हती आणि जिथे वीज नव्हती तिथे सार्वजनिक रेडिओ बॅटरीवरच चालायचा. व्हॉल्व्हच्या अशा रेडिओला दोन प्रकारचा दाब लागे. व्हॉल्व्हची तार तापवायला सुमारे १.४ व्होल्ट आणि व्हॉल्व्हच्या मुख्य कामाला बहुधा ९० व्होल्ट. ९० व्होल्ट म्हणजे दीड व्होल्टचे ६० लहान सेल एकापुढे एक. साठ सेलचे साठ ‘ब’, त्यांची बेरीज!

१८/२४
त्या १.४ या आकड्यातच एक समंजसपणा आहे. ताजा सेल १.५ व्होल्टच्या वर असतो आणि काम करता करता उतरत जातो. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आलेले हे व्हॉल्व्ह त्या उतरणीचा विचार करूनच घडवले होते. तरीही बॅटरी जुनी झाली की दोन दुखणी उद्भवत. पहिले असे की रेडिओतील जो भाग केंद्र पकडण्यासाठी स्वतः कंपने निर्माण करतो, तो कमी दाबाला अकस्मात थांबे. कर्ण्यातून सूं असा आवाज येत राही, पण केंद्र नाहीसे. लघुलहरींवर हे आधी घडे.

१९/२४
दुसरे दुखणे अधिक बोधप्रद आहे. रेडिओतील सर्व टप्पे एकाच बॅटरीतून वीज घेतात. तिचा अंतर्गत रोध वाढला की शेवटच्या टप्प्याने धारा ओढताच पहिल्या टप्प्याचा दाब हलतो. तो हेलकावा पुन्हा वाढून शेवटी येतो आणि चक्र सुरू होते. कर्ण्यातून फट-फट-फट असा आवाज निघतो. रेडिओवाले त्याला ‘मोटरबोटिंग’ म्हणत. दुरुस्तीच्या टेबलावर ताजी बॅटरी किंवा चांगला स्थिर उगम जोडला की हा आवाज गायब. म्हणजे रोग वैद्यासमोर आला की बरा, घरी गेला की पुन्हा सुरू. उलट १९२० च्या दशकातल्या काही घरगुती एलिमिनेटरांचाच अंतर्गत रोध मोठा होता आणि तेच हा आवाज निर्माण करत. उगम तटस्थ कधीच नसतो, मग तो कोणताही असो.

२०/२४
यावर उपाय स्वस्त होता. बॅटरीच्या दोन टोकांवर एक मोठा कपॅसिटर बसवायचा, जो क्षणिक मागणी स्वतः भागवतो. पुढे ट्रान्झिस्टर रेडिओ आले. जगातील पहिला व्यापारी ट्रान्झिस्टर रेडिओ १९५४ चा. त्यांच्यातही बॅटरीच्या बाजूला हा कपॅसिटर राहिला. तो वाळला की जुने सेल असताना मोठ्या आवाजातले गाणे फाटू लागे, हळू आवाजातल्या बातम्या मात्र स्पष्ट ऐकू येत. कारण मोठा आवाज जास्त धारा मागतो आणि जास्त धारा म्हणजे ‘ब’ची जास्त वसुली. दीड-दोन रुपये वाचवण्यासाठी हा भाग गाळणाऱ्या कारखान्याला टेबलावर काहीच फरक दिसला नसता. फरक दिसला असता तो पाच-सहा आठवडे तेच सेल पुरवून वापरणाऱ्या श्रोत्याला.

२१/२४
हा निव्वळ जुना इतिहास असता तर थ्रेड इथेच संपला असता. जीएसएम मोबाइल फोन बोलताना अखंड धारा घेत नाही. सेकंदाला सुमारे २१७ वेळा, प्रत्येक वेळी अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित अधिक काळ, तो जोराचा घोट घेतो. तो घोट २ अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. आत अगदी ०.२ ओहम रोध असला तरी त्या क्षणी ०.४ व्होल्ट गळतात. ३.६ व्होल्टची बॅटरी क्षणभर ३.२ ची होते आणि फोनला वाटते, बॅटरी संपली. म्हणून चाचणीच्या पॉवर सप्लायमध्येच मुद्दाम कृत्रिम अंतर्गत रोध घालण्याची सोय आली. हद्दपार केलेला ‘ब’ प्रयोगशाळेने पैसे मोजून परत आणला!

२२/२४
२०१७ च्या डिसेंबरात ॲपल कंपनीने मान्य केले की जुन्या बॅटरीचे काही आयफोन ती सॉफ्टवेअरने मंद करत होती. तिचे स्पष्टीकरण असे की जुन्या बॅटरीला एकदम आलेली मागणी पेलत नाही आणि फोन अचानक बंद पडतो, ते टाळण्यासाठी हे केले. ग्राहकांचा राग मंद करण्यापेक्षा न सांगण्यावर होता. २०२० मध्ये कंपनीने चूक मान्य न करता अमेरिकेतील दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंत देण्याची तयारी दाखवली. नव्या बॅटरीवर सगळे ठीक असते. वय झालेल्या बॅटरीत शिल्लक असते, पण ती एका दमात देता येत नाही. १९५० च्या दशकातला खेड्यातला रेडिओ आणि एकविसाव्या शतकातला आयफोन एकाच अक्षरापाशी अडखळले.

२३/२४
म्हणून पॉवर सप्लाय टाकाऊ ठरतो का? मुळीच नाही. स्थिर उगम मिळाला नसता तर ओमला नियमच सापडला नसता. नव्या सर्किटला पहिल्यांदा वीज द्यायची ती पॉवर सप्लायनेच, कारण तो धारेला मर्यादा घालतो; लिथियमची बॅटरी चुकीच्या जोडणीत अफाट धारा ओतून आग लावू शकते. शंभर नगांची परीक्षा एकसारखी व्हायची असेल तरी तोच हवा. पण स्थिर उगम ‘उपकरण बरोबर बनले आहे का’ एवढेच सांगतो. ‘ते लोकांच्या हातात चालेल का’ हे सांगायला खरी बॅटरी लागते : ताजी, अर्धी उतरलेली, जुनी, थंडीत ठेवलेली, आणि गावच्या दुकानात मिळते ती स्वस्तातलीही. कागलमध्ये बनणाऱ्या डिझेल इंजिनांचेच उदाहरण घ्या. स्टार्टर फिरतो त्या क्षणी १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब झपकन कोसळतो आणि तरीही शेजारच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने शुद्ध हरपू नये, अशी अपेक्षा असते. वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या आंतरराष्ट्रीय मानकांत म्हणूनच हा क्षण एक स्वतंत्र चाचणी म्हणून येतो.

२४/२४
शेवटी प्रश्न उरतो तो किंमत कोण मोजतो याचा. बॅटरीवरचे उपकरण माणूस घेतो ते मुळी वीज नसेल त्या वेळेसाठी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक गावांची वीज गेली आणि पुणे–बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला. अशा रात्री घरात असते ती अर्धी उतरलेली बॅटरी, कोपऱ्यात पडलेले जुने सेल आणि पावसाचा गारवा. स्थिर उगमाशी अशा रात्रीचे काहीच साम्य नसते. टेबलावर गाळलेला ‘ब’ नाहीसा होत नाही, तो दूरच्या माणसाच्या वाट्याला जातो. कधी रेडिओसमोर बसलेल्या गावकऱ्यांच्या, कधी पुरात अडकून फोन लावणाऱ्याच्या. ओमने तो १८२६ मध्येच छेदात लिहून ठेवला होता. पुढच्या वेळी कुणी ‘आमच्याकडे तर चालत होते’ असे म्हणाले, तर एवढेच विचारा : कशावर?

(समाप्त)